स्पॅनिश : भावी गरजेची क्रियारूपे

पुढे काय लागेल किंवा काय करावे लागेल, हे सांगण्यासाठी स्पॅनिश भाषेत वापरली जाणारी क्रियापदांची रूपे. (येथील उच्चार लॅटिन अमेरिकेतील आहेत. स्पेनच्या बहुतेक भागांत ‘नेसेसितार’चा उच्चार ‘नेथेसितार’ असा होतो.)

घडण : साधा भविष्यकाळ करताना सामान्यतः क्रियापदाच्या मूळ रूपाला -ए, -आस, -आ, -एमोस, -एइस, -आन हे प्रत्यय लागतात; काही क्रियापदांत मात्र मूळ रूप बदलते (‘तेनेर’चे ‘तेन्द्र-’, ‘आबेर’चे ‘आब्र-’, ‘आसेर’चे ‘आर-’). ‘नेसेसितार’ (गरज असणे) यावरून ‘नेसेसितारे’ (मला लागेल) आणि ‘नेसेसितारेमोस’ (आम्हाला लागेल) ही रूपे होतात. हे प्रत्यय ‘आबेर’ या क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपांतून आले आहेत. लॅटिनमध्ये ‘कांतारे हाबेओ’ म्हणजे ‘मला गायचे आहे’. हे दोन शब्द एकजीव होऊन, शेवटच्या अक्षरावर आघात असलेले ‘कांतारे’ (मी गाईन) हे रूप तयार झाले. व्याकरणकार आंतोनिओ दे नेब्रिखा याने आपल्या १४९२ च्या स्पॅनिश व्याकरणात ही घडण नोंदवली आहे. मुळातला कर्तव्याचा अर्थ पुढे झिजला, म्हणून आज गरज सांगायला स्वतंत्र क्रियापद योजावे लागते.

मुख्य रचना : कोणाला काय करावे लागेल हे सांगताना ‘तेनेर के’ वापरतात : ‘मान्याना तेन्द्रे के माद्रुगार’ (उद्या मला पहाटे उठावे लागेल). कर्ता सांगायचा नसेल तेव्हा ‘आब्रा के’ येते : ‘आब्रा के एस्पेरार’ (थांबावे लागेल). ‘आसेर फाल्ता’ची रचना मराठीतील ‘लागणे’सारखी आहे. ‘मे आरान फाल्ता दोस सीयास’ (मला दोन खुर्च्या लागतील) या वाक्यात क्रियापद खुर्च्यांप्रमाणे अनेकवचनी होते आणि गरज असलेली व्यक्ती ‘मे’ (मला) या रूपात येते.

बोलीतील वापर : बोलताना, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, साध्या भविष्यकाळापेक्षा ‘इर आ’ची रचना अधिक ऐकू येते : ‘बोय आ नेसेसितार आयुदा’ (मला मदत लागणार आहे). वेळ ठरलेली असल्यास वर्तमानकाळही चालतो : ‘मान्याना नेसेसितो एल दिनेरो’ (उद्या मला ते पैसे हवेत).

अपवाद : ‘क्वांदो’ने (जेव्हा) सुरू होणाऱ्या गौण वाक्यात पुढची गोष्ट सांगताना भविष्यकाळ येत नाही, तेथे संभावनार्थी वर्तमान रूप लागते : ‘क्वांदो नेसेसितेस आयुदा, आबीसामे’ (मदत लागली की मला कळव). उलट, भविष्यकाळी रूप दर वेळी भविष्याचेच असते असेही नाही. ‘नेसेसितारा लेन्तेस’ याचा अर्थ संदर्भाप्रमाणे ‘त्याला चष्मा लागेल’ किंवा ‘त्याला चष्मा लागत असावा’ असा होतो.