परदेशात जन्मलेलं मूल आणि आईचं नागरिकत्व

मूल परदेशात जन्मलं तर ते कोणत्या देशाचं, हा प्रश्न आज आपण एकाच कायद्यापुरता पाहू. 1955 चा आपला नागरिकत्व कायदा. त्याचं कलम 4 सांगत होतं की, 26 जानेवारी 1950 पासून पुढे भारताबाहेर जन्मलेलं मूल भारतीय. पण कधी? जन्माच्या वेळी त्याचे वडील भारतीय नागरिक असतील तर. आईचं नाव नाही.

हे आलं कुठून? आम्हाला त्याचं मूळ 1914 च्या ब्रिटिश कायद्यात दिसतं. तिथे बायकोचं राष्ट्रीयत्व नवऱ्यामागे जायचं, आणि बाहेर जन्मलेल्या मुलाचं बापामागे. आपली राज्यघटना मात्र वेगळं बोलते. कलम 5 आणि 8 मध्ये आई किंवा वडील, कोणाचाही जन्म इथला असला तरी तो धरलेला आहे. तिथे प्रश्न जन्मस्थळाचा होता, हे खरं. तरी 1949 साली घटना समितीनं आईला जी जागा दिली, ती सहा वर्षांत कायद्यातून गेली. याला नजरचूक म्हणणं आम्हाला जड जातं.

व्यवहारात याचा अर्थ काय? समजा, पुण्याची एक मुलगी, नवरा इंग्रज, संसार लंडनला, पण पासपोर्ट अजून भारतीय. पहिल्या बाळंतपणाला ती रिवाजाप्रमाणे माहेरी आली, तर मूल जन्मानं भारतीय. कारण 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्म झाला की पुरे (परकीय राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडा). दुसरं मूल लंडनच्या दवाखान्यात झालं, तर ते परकं. एकाच आईची दोन लेकरं! 1987 पासून इथल्या जन्मालाही अट लागली: आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय हवा. म्हणजे इथल्या जन्माला आई चालली, बाहेरच्या जन्माला नाही. असं आणखी पाच वर्षं चाललं.

10 डिसेंबर 1992 ला कलम 4 मध्येही आई आली. 3 डिसेंबर 2004 पासून तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. उशीर झाला, तर केंद्र सरकारची परवानगी.

पण 1992 ची दुरुस्ती मागे लागू झाली नाही. आपल्या उदाहरणातलं लंडनचं मूल त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जन्मलं असेल, तर तिशी ओलांडल्यावर आजही त्याला वडिलांचंच नागरिकत्व विचारलं जातं.