छत्तीसगडचे राजपुत्र बिंबाजी भोसले

पोलाद कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या आजच्या भिलाईचा परिसर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. 1741 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चाल केली, तेव्हा शेजारचे दुर्ग हेच मराठ्यांच्या छावणीचे ठिकाण होते. 1755 मध्ये रघूजी भोसले निवर्तल्यावर ‘सेनासाहेबसुभा’ हे सातारच्या छत्रपतींनी दिलेले सेनापतिपद रघूजींच्या पुत्रांपैकी थोरल्या जानोजींकडे गेले, मुधोजींना चांदा मिळाला आणि बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगड आले. मुख्य गादी न मिळणाऱ्या राजपुत्राला दूरचा मुलूख तोडून देण्याची ही रीत युरोपातही होती. स्पेनच्या पाचव्या फिलिपचा धाकटा पुत्र, तोही फिलिपच, 1748 मध्ये इटलीतील पार्माचा ड्यूक झाला.

मात्र बिंबाजी केवळ वसुलीचे धनी राहिले नाहीत, आणि हीच त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची बाब होय. 1758 पासून ते रतनपुरात राहिले, तेथे त्यांनी स्वतंत्र दरबार भरवला, हिशेब व पत्रव्यवहारासाठी मोडी, म्हणजे मराठीची जलद लिहिण्याची वळणदार लिपी, रूढ केली आणि गावाजवळच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण देणारी ती टेकडी रामटेकरी म्हणून ओळखली जाते. दसऱ्याला दोन दलांचे, मध्ये दुमडलेले आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून देण्याची प्रथाही छत्तीसगडात त्यांच्याच नावावर सांगितली जाते. 1787 मध्ये त्यांचे निधन झाले, पत्नी उमाबाई सती गेल्या आणि पुढे प्रांताचा कारभार नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांच्या हाती गेला.