गाणारी मंडळी आणि ऐकणारी मंडळी

रायपूरच्या पंडरी भागात आमचे बिऱ्हाड आहे. गावाकडून येणाऱ्या पाकिटांवर हा पत्ता हटकून ‘पंढरी’ असा लिहिलेला असतो. वस्तुतः आमची पंडरी म्हणजे कापडाची मोठी बाजारपेठ. येथे ना चंद्रभागा, ना वाळवंट. दुकानांच्या रांगा, हातगाड्या आणि कापडाचे गठ्ठे एवढेच तिचे वैभव. तरीही रविवारी दुपारी चारच्या सुमारास या बाजारामागच्या एका गल्लीत मराठी भजनांचे सूर उमटतात. बदलीच्या नोकरीने येथे आलेली आम्ही चार मराठी ख्रिस्ती घरे त्या वेळी एकत्र जमतो. सकाळची उपासना आम्ही गावातील हिंदी मंडळीबरोबर करतो. तिने आम्हांस कधीही परके मानले नाही. दुपारची मराठी उपासना हा मात्र केवळ आमचा घरगुती हट्ट आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातील पेटी वाजविणाऱ्या गृहस्थांची बदली झाली आणि या हट्टाला पहिला धक्का बसला. गायनाची अडचण एका नातेवाइकाने परस्पर सोडविली. त्याने मराठी ख्रिस्ती गीतांचे तीन ध्वनिमुद्रित संग्रह पाठवून दिले. आम्ही यंत्र लावले आणि त्याच्या साथीने गाऊ लागलो. तिसऱ्या रविवारी ध्यानात आले की, गात कोणीच नाही. मुले मान डोलावीत होती, मोठी माणसे डोळे मिटून ऐकत होती, आणि ज्यांना शंभरेक गीते मुखोद्गत आहेत त्या आमच्यातील वृद्ध मावशी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. उपासना संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “आज देवाची स्तुती यंत्राने केली, आपण हजेरी लावली.”

हा शेरा जिव्हारी लागला. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. प्रश्न पडला की फाईल उघडणे हा आमचा धर्म. तिन्ही संग्रहांतील प्रत्येक गीत ऐकून त्यावर टिपण करावे आणि उपासनेस योग्य कोणते, अयोग्य कोणते हे ठरवावे, असे ठरले. परंतु योग्यायोग्यतेची कसोटी कोणती? ती शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो आणि आढळले की, हीच फाईल मराठीत गेली चारशे वर्षे उघडी आहे.

तिच्यावरील पहिला मोठा शेरा एका इंग्रजाचा आहे. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी कानामनात रेंगाळेल असे काहीच मिळाले नव्हते. ही पोकळी भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. लॅटिन स्तोत्रांचे भाषांतर करणे त्यांना सोपे गेले असते. पण त्यांनी लोकांच्या ओठांवर आधीच असलेला छंद उचलला. ओवीला चाल शिकवावी लागत नाही. जात्यावर बसणाऱ्या बाईला ती येते आणि पुराणिकालाही येते. १६५४ पर्यंत या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि देवळांतून तो गाइला जाई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी देशी भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. कागद नाहीसा झाला असताही काव्य टिकले, ते नकलून घेणाऱ्या हातांमुळे आणि गाणाऱ्या कंठांमुळे, ही गोष्ट आम्ही टिपणात ठळक अक्षरांत लिहून ठेवली.

दुसरा अध्याय अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. १८३५ साली आलेले हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत पुष्कळ गीते तयार केली. आजही जुन्या मंडळ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु पाश्चात्त्य चालींत मराठी शब्द बसविण्याच्या या एकूण उद्योगात एक अंगभूत अडचण होती. इंग्रजी गीताची चाल आघातावर चालते. ठराविक जागी जोर पडलाच पाहिजे. मराठीत तसा आघात नाही. परिणामी चालीचा जोर अनेकदा भलत्याच अक्षरावर, बहुधा विभक्तीच्या प्रत्ययावर येऊन कोसळतो. ‘देवाला’ या शब्दातील ‘देव’ पुटपुटला जातो आणि ‘ला’ मात्र छप्पर हादरवितो. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. भक्तीच्या दृष्टीने मात्र गाणाऱ्याचे लक्ष नको तेथे जाते.

यावर उपाय नगरच्याच मातीतून निघाला. कृष्णरत्न सांगळे आदी मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनकाराने पद उचलावे, साथीदारांनी धृपद धरावे आणि श्रोत्यांनी त्यात आपला सूर मिळवावा, ही रीत महाराष्ट्राच्या रक्तातली. येथे एक सामाजिक गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील बहुसंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती. छापील गीतपुस्तक त्यांच्या हाती देऊन काय उपयोग? धृपदाला मात्र पुस्तक लागत नाही. दोनदा ऐकले की ते येते, आणि तिसऱ्या वेळी श्रोता गायक झालेला असतो.

या परंपरेला कळस चढविला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. त्यांचे नाव घेताना आम्हां रायपूरकरांना थोडा अधिकचा अभिमान वाटतो, त्याचे कारण सांगितले पाहिजे. नागपूरहून रायपूरला येताना डोंगरगड मागे पडले की राजनांदगाव लागते. १८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात याच मार्गावरून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तो वाचीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची घरातली ताटातूट आणि लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा बाप्तिस्मा यांची हकीकत ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसास सांगावयास नको.

टिळकांच्या त्या प्रवासाच्या वेळी राजनांदगावच्या गादीवर राजे बलरामदास होते. खारून नदीचे पाणी रायपूरच्या नळांना आणणारी योजना १८९२ साली सुरू झाली, तिचा दोन लाखांचा खर्च याच राजांनी दिला आणि तिला नावही त्यांचेच पडले. आम्ही येथले पाणी पितो; तेव्हा हा संबंध आम्हांस निव्वळ ग्रंथातला वाटत नाही. पुढे १९५८ साली आणखी एक मराठी घरचा कवी, गजानन माधव मुक्तिबोध, याच राजनांदगावी कॉलेजात शिकविण्यासाठी आला आणि हिंदी काव्यात अमर झाला. परमुलखातील नोकरी माणसाकडून काय काय करवून घेते, याचे दाखले शोधण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही.

टिळकांनी ख्रिस्ती गीताला काय दिले, हे एका वाक्यात सांगावयाचे तर त्यांनी त्याला मराठी माहेर दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यामुळे अभंग त्यांना उसना घ्यावा लागला नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे ते चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतले यमक, शेवटी येणारा तो छोटा विसावा, या सर्वांत सामान्य माणसाच्या श्वासाचे माप आहे. कोठे थांबावे, कोठे श्वास घ्यावा, हे अभंग स्वतःच सांगतो. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. शतकाहून अधिक काळ लोटला तरी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील त्यांची गीते मराठी मंडळ्यांत पुस्तक न उघडता गाइली जातात. आमच्या मावशींच्या मुखातील बरीचशी गीतेही त्यांचीच.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तर मग प्रश्न सुटला. पेटी-तबला तो आपला आणि गिटार ते परके. आमच्यातही हा पक्ष होता. परंतु इतिहास त्याला साथ देत नाही. ज्या पेटीला आम्ही आपली म्हणतो ती हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी सिद्ध केली. ती या देशात आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला जमिनीवर बसून वाजविण्याजोगी केली, आणि दोन पिढ्यांत ती कीर्तनकाराच्या मांडीशी जाऊन बसली. याच परदेशी पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके दारात उभे केले नव्हते, हेही विसरता येत नाही. वाद्यावरून सोवळे-ओवळे ठरविण्याचा प्रयत्न मोठ्या अधिकाराच्या ठिकाणीही झाला आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी देवळातील संगीतासंबंधी आज्ञापत्र काढून पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांस मनाई केली आणि संगीताची छाननी करण्यासाठी प्रत्येक धर्मप्रांतात जाणकारांची समिती नेमण्यास सांगितले. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत मानाचे स्थान द्यावे असे ठरविले. त्यानंतर वसईच्या देवळांतून लॅटिनची जागा मराठीने घेतली. १९०३ च्या यादीतील झांज आमच्याकडे तर भक्तीचे पहिले वाद्य आहे! तेव्हा वाद्य ही कसोटी नव्हे. मात्र त्या आज्ञापत्रातील समितीची कल्पना आम्हांस फार आवडली. न जाणता आम्ही पंडरीत तीच नेमून बसलो होतो.

मग कसोट्या ठरल्या त्या अशा. गीताचे शब्द चालीविना वाचले असता अर्थ लागतो काय? चालीचा जोर अर्थाच्या शब्दावर पडतो काय? धृपद दोनदा ऐकून धरता येते काय? चाल सामान्य गळ्याच्या आटोक्यात आहे काय? आणि यंत्र बंद केल्यावर गीत उरते काय? ही शेवटची कसोटी सर्वांत कठोर ठरली.

पहिला संग्रह जुन्या गीतांचा, पेटी-तबल्याच्या साथीचा. आमची अपेक्षा होती की तो सहज उतरेल. पण गायकाने आपली तयारी दाखविण्याच्या भरात अंतरा तार सप्तकाच्या पंचमापर्यंत नेला होता. चार घरांत तेथवर जाणारा गळा एकही नाही. गीते घेतली, ध्वनिमुद्रण ठेवून दिले. दुसरा संग्रह नव्या रचनांचा, गिटारच्या साथीचा. जुन्या पक्षाने त्यावर ऐकण्यापूर्वीच लाल शाई उचलली होती. प्रत्यक्षात त्यातील तीन गीते पाचही कसोट्यांस उतरली: धृपद लहान, चाल आटोक्यातली, शब्द घरचे. तिसरा संग्रह इंग्रजी गीतांच्या अनुवादाचा. वाद्यमेळ भव्य, ध्वनिमुद्रण निर्दोष. परंतु तोच ‘ला’वरचा आघात, आणि दोन कडव्यांमध्ये इतके लांब वाद्यसंगीत की पुन्हा केव्हा सुरुवात करावयाची हे कोणालाच कळेना. तो घरी ऐकण्यास उत्तम, असा शेरा मारून फाईल बंद केली.

या साऱ्या खटाटोपाची गरज काय, असे एका स्नेह्यांनी विचारले. मुले हिंदी शाळेत जातात, सकाळी हिंदीत प्रार्थना करतात. देव काही मराठीच जाणतो असे नाही. हे खरेच आहे. छत्तीसगडात १८६८ साली ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूरला सुरू केलेल्या कार्यातून येथील मंडळ्या वाढल्या, त्यांनीही परदेशी गीत आपल्या भाषेत आणण्याचे कष्ट उपसलेच आहेत. त्यांचे गीत त्यांना माहेरचे वाटते. आमच्या मुलांनाही कोठले तरी एक गीत माहेरचे वाटावे, एवढेच आमचे मागणे आहे. बदलीत सामान कमी करावे लागते; भांडी विकली जातात, पुस्तके वाटून टाकावी लागतात. तोंडपाठ गीताला मालडबा लागत नाही. मात्र ते तोंडपाठ होण्यासाठी आधी तोंड उघडावे लागते, आणि यंत्राने ते बंद केले होते.

आता रविवारी यंत्र लावीत नाही. नवे गीत शिकावयाचे असेल तर आठवड्यात घरी ऐकून यावयाचे, असा नियम केला आहे. मावशी सूर देतात, तोही आमच्या सोयीसाठी खाली उतरवून. पहिले दोन रविवार फार बेसूर गेले. तिसऱ्या रविवारी आमच्यातील एका दहा वर्षांच्या मुलाने नव्या संग्रहातील धृपद मध्येच उचलले. मावशींना ते ठाऊक नव्हते. त्यांनी दोनदा ऐकून घेतले आणि तिसऱ्या वेळी त्याच्या मागून धरले.