पाऊणशें वयाचें हृदय

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक शहरीं आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरानें एका रोग्याच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणींत बारीक नळी सरकविली आणि टोंकाचा फुगा फुगवून अरुंद झालेली वाट मोकळी केली. छाती न उघडतां हें प्रथमच घडत होतें. रोग्याचें वय होतें अवघें ३८.

पुढें हा उपाय रूढ झाला. परंतु पाऊणशें वयाच्या वृद्धाच्या वांट्यास बहुधा गोळ्याच येत. थकल्या देहास हा ताप कशाला, हा विचार दयेचा खरा, पण पारखलेला नव्हता.

ती पारख स्वित्झर्लंडांतच झाली. ७५ व त्यावरील वयाच्या, औषधें घेऊनहि छातींत कळ येणाऱ्या सुमारें ३०० रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट केले. एका गटाच्या रोहिण्या तपासून जरूर तेथें फुगा किंवा शस्त्रक्रिया योजिली. दुसऱ्याचीं औषधें वाढविलीं. किती जगले एवढेंच मोजलें नाहीं. जिना चढवतो काय, कळ किती वेळां येते, हेंहि विचारलें. म्हाताऱ्या माणसाचा दिवस अशा गोष्टींवरच तर अवलंबून असतो!

२००१ सालीं सहा महिन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांस बरें वाटत होतें, पहिल्यास अधिक. आरंभींचा धोका मात्र त्यानेंच पत्करला होता. २००३ सालीं वर्षाचा हिशेब आला, तेव्हां तें अंतर उरलें नव्हतें. तथापि औषधांच्या गटांतील पुष्कळांना मधल्या काळांत कळ असह्य होऊन त्याच फुग्याची वा शस्त्रक्रियेची वाट धरावी लागली होती.