थायरॉइडचे स्वयंप्रतिरक्षा विकार आणि पूरक गोळ्या : लाभ कोणाला, धोका कशात?

थायरॉइडच्या विकारावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या जोडीला सेलेनियम, जीवनसत्त्व ड, जस्त, बायोटिन किंवा अश्वगंधा यांच्या गोळ्या घेणारे रुग्ण देशभर आढळतात. या गोळ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात आणि त्यांपासून अपाय होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र गेल्या दोन दशकांतील संशोधनातून पुढे आलेले चित्र या समजाला फारसा आधार देत नाही. शरीरात एखाद्या घटकाची खरोखर कमतरता असेल, तर ती भरून काढणे हिताचे ठरते. ती नसताना घेतलेल्या गोळीने तपासणीच्या कागदावरील आकडे बदलतात, परंतु रुग्णाच्या प्रकृतीत फरक पडल्याचा पुरावा अल्प आहे.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि गोवा येथील ५,३७६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉइडची कार्यक्षमता मंदावलेली आढळली. टीपीओ या विकराविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, जवळपास २२ टक्के लोकांच्या रक्तात सापडली. प्रतिपिंडे सापडली म्हणजे आजार झालाच, असे नव्हे. त्यांपैकी अनेकांची ग्रंथी सुरळीत काम करत असते.

मानेच्या पुढच्या भागात असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, शरीरातील चयापचयाचा वेग राखणारी संप्रेरके तयार करते. स्वयंप्रतिरक्षा विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा याच ग्रंथीवर उलटते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार रुग्णांच्या ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात ग्रंथी हळूहळू निकामी होते. हा प्रतिकारयंत्रणेचा दोष असल्याचे १९५६ मध्ये लंडनमधील आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ग्रेव्हज विकारात याउलट घडते. तेथे प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवत राहतात आणि संप्रेरकांचा अतिरेक होतो.

हाशिमोतो विकारावर थायरॉक्सिनची गोळी दिली जाते. ती संप्रेरकाची उणीव भरून काढते, मात्र प्रतिकारयंत्रणेचा हल्ला थांबवत नाही. तसे करणारे मान्यताप्राप्त औषध आजही उपलब्ध नाही. गोळी नियमित घेऊनही आणि रक्ततपासणी समाधानकारक असूनही काही रुग्णांना थकवा, केस गळणे किंवा उदासीनता जाणवत राहते. पूरक गोळ्यांचा व्यापार नेमका याच पोकळीत उभा आहे. रुग्णाची तक्रार खरी असते, म्हणूनच तिच्यावरील उपायाची पारखही काटेकोर हवी.

सेलेनियम : प्रतिपिंडे घटली, पुढे काय?

या सर्व घटकांत सेलेनियमचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे आणि त्यामागे सबळ कारणही आहे. वजनाच्या प्रमाणात पाहता शरीरातील इतर अवयवांपेक्षा थायरॉइडमध्ये सेलेनियम अधिक असते. थायरॉक्सिनचे अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारी विकरे सेलेनियमवर अवलंबून असतात. संप्रेरक तयार होताना निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ग्रंथीचे रक्षण करणाऱ्या विकरांनाही त्याची गरज असते.

जर्मनीतील म्युनिक येथील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीने या विषयाला मोठी चालना दिली. हाशिमोतो विकार असलेल्या ७० स्त्रियांपैकी ३६ जणींना तीन महिने रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देण्यात आले. त्यांच्यातील टीपीओ प्रतिपिंडे सरासरी ३६ टक्क्यांनी घटली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ही घट १२ टक्के होती. सेलेनियम गटातील नऊ जणींमध्ये प्रतिपिंडांची पातळी पूर्ववत झाली. तेव्हापासून हीच चाचणी विक्रेत्यांच्या पत्रकांत मोठ्या हौसेने उद्धृत केली जाते.

परंतु प्रतिपिंडांची पातळी आणि रुग्णाची अवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये चार चाचण्यांतील ४६३ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला, तेव्हा सेलेनियमच्या बाजूने किंवा विरोधात ठाम मत देण्यास हा पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. अधिक स्पष्ट उत्तर डेन्मार्कमधून आले. थायरॉक्सिन घेणाऱ्या ४१२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यात वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेतलेल्यांची प्रतिपिंडे खरोखरच कमी झाली. मात्र दैनंदिन जीवनाच्या गुणवत्तेबाबत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. विशेष म्हणजे निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांनाही वर्षअखेर पूर्वीपेक्षा बरे वाटत होते. ‘गोळी सुरू केली आणि गुण आला’, या अनुभवाचे मोल ठरवताना ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अद्याप थायरॉक्सिन सुरू न झालेल्या रुग्णांबाबत चित्र थोडे वेगळे आहे. ३५ चाचण्यांच्या २०२४ मधील एका आढाव्यात अशा रुग्णांची टीएसएच पातळी सेलेनियममुळे किंचित उतरल्याचे आढळले. त्यामुळे पुढे गोळी टळते किंवा कसे, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

सेलेनियमचा खरा लाभ दिसला तो ग्रेव्हज विकारामुळे डोळ्यांवर परिणाम झालेल्या रुग्णांमध्ये. युरोपातील १५९ रुग्णांवरील २०११ च्या चाचणीत सहा महिने दिवसातून दोनदा १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेतलेल्यांच्या डोळ्यांची स्थिती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली आणि विकार बळावण्याचे प्रमाणही कमी होते. हे रुग्ण सौम्य अवस्थेतील होते आणि युरोपच्या बऱ्याच भागांत जमिनीतच सेलेनियम कमी आहे, हेही येथे नमूद करावयास हवे. भारतात परिस्थिती सर्वत्र सारखी नाही. पंजाबमधील नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीत सेलेनियमचे प्रमाण इतके जास्त आहे की, तेथील पिकांतून ते अतिरिक्त मात्रेत शरीरात जाते.

अतिरेकाचे परिणाम गंभीर असतात. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरकात चुकीने लेबलवरील मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ जणांना विषबाधा झाली. त्यांच्यात जुलाब, थकवा, केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे ही लक्षणे दिसली. केस गळतात म्हणून सेलेनियम घ्यावे आणि त्याच्या अतिरेकाने ते आणखी गळावेत, असा हा विचित्र फेरा आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची कमाल सुरक्षित मात्रा आहारासह २५५ मायक्रोग्रॅम निश्चित केली. चाचण्यांत वापरलेली २०० मायक्रोग्रॅमची गोळी आणि रोजचे जेवण यांची बेरीज ही मर्यादा सहज गाठू शकते.

आयोडीनचा दुधारी स्वभाव

थायरॉइडला आयोडीन लागते हे शालेय पुस्तकातही असते. त्यामुळे ग्रंथी मंदावली की आयोडीन वाढवावे, असा तर्क केला जातो. हाशिमोतो विकारात तो लागू पडत नाही, कारण तेथे दोष कच्च्या मालाचा नसून कारखान्याचा असतो. आयोडीनचा अतिरेक उलट प्रतिकारयंत्रणेला डिवचू शकतो. चीनमधील तीन भागांच्या पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयोडीनची किंचित कमतरता असलेल्या भागात थायरॉइडच्या स्वयंप्रतिरक्षा विकाराचे नवे रुग्ण ०.२ टक्के, गरजेपेक्षा अधिक आयोडीन मिळणाऱ्या भागात १ टक्का, तर अतिरेक असलेल्या भागात १.३ टक्के आढळले. समुद्री शेवाळापासून बनवलेल्या गोळ्यांत आयोडीनची मात्रा अनिश्चित आणि पुष्कळदा बरीच जास्त असते. या रुग्णांनी त्या टाळणेच योग्य.

याचा अर्थ आयोडीनयुक्त मीठ सोडावे, असा मुळीच नाही. निदान झाल्यावर घरातील साधे मीठ बदलून सैंधव किंवा गुलाबी मीठ आणण्याचा प्रकार अनेक कुटुंबांत दिसतो. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड घटतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. थेट मानवी वापरासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठवण्यात आली होती, ती २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असणे अपेक्षित आहे. प्रौढांची दिवसाची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम असते आणि मीठ, दूध, अंडी, मासे यांतून ती बहुतेकांची भागते. गर्भवतीची गरज त्याहून अधिक, म्हणजे सुमारे २५० मायक्रोग्रॅम असते. घरात मीठ बदलताना तिचा विचार सर्वप्रथम व्हावा.

जीवनसत्त्व ड बाबत अपेक्षा मोठ्या होत्या. अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींवरील चाचणीत पाच वर्षे रोज २,००० एकक जीवनसत्त्व ड घेणाऱ्यांमध्ये सर्व प्रकारचे स्वयंप्रतिरक्षा विकार मिळून २२ टक्क्यांनी कमी आढळल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. हा निष्कर्ष विकार टाळण्याबाबतचा आहे, जडलेला विकार बरा करण्याबाबतचा नाही. ग्रेव्हज विकाराच्या रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या चाचणीत या जीवनसत्त्वाचा उपचाराला उपयोग झाला नाही. भारतीयांमध्ये त्याची कमतरता सर्रास आढळते. ती भरून काढावी, पण हाडांसाठी.

लोह आणि जीवनसत्त्व ब-१२ यांची गोष्ट निराळी आहे. हाशिमोतोच्या रुग्णांना जठराच्या आवरणाचा किंवा सेलियाक हा गव्हातील ग्लूटेनशी संबंधित विकार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात होतो आणि दोन्हींमुळे अन्नातील लोह किंवा ब-१२ नीट शोषले जात नाही. थायरॉक्सिन घेऊनही थकवा जात नसेल, तर या दोन घटकांची तपासणी करून घेणे दहा प्रकारच्या गोळ्या विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि उपयुक्त ठरते.

वनौषधी आणि ‘थायरॉइड सपोर्ट’

जुन्या पिढीला आस्कंद या नावाने ठाऊक असलेली अश्वगंधा सध्या थायरॉइडसाठी मोठ्या प्रमाणावर विकली जाते. भारतात विकाराच्या प्राथमिक अवस्थेतील ५० जणांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिच्यामुळे संप्रेरकांची पातळी सुधारल्याचे आढळले. ही संख्या आणि हा कालावधी दोन्ही तोकडे आहेत. शिवाय संप्रेरक वाढवणारी वनस्पती ग्रेव्हजच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकते, तर थायरॉक्सिन घेणाऱ्याची मात्रा बिघडवू शकते. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये पूरकांतील अश्वगंधेवर बंदी घातली.

परदेशी संकेतस्थळांवरून मागवल्या जाणाऱ्या ‘थायरॉइड सपोर्ट’ गोळ्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. अमेरिकेत मिळणाऱ्या अशा दहा उत्पादनांच्या २०१३ मधील तपासणीत नऊ उत्पादनांत टी-३ आणि पाच उत्पादनांत टी-४ हे प्रत्यक्ष संप्रेरक सापडले. भारतात आरोग्यपूरकांच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचा उल्लेख बंधनकारक आहे. गलगंड बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेच मनाई केली आहे. तरीही असे दावे थांबलेले नाहीत.

गोळ्यांची वेळ आणि फसवा अहवाल

पूरकांचा सर्वात नित्याचा तोटा विषबाधेचा नसून वेळेचा आहे. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर आणि चहा-न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावे लागते. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यात बांधून ठेवतात. १९९२ च्या एका अभ्यासात थायरॉक्सिनबरोबरच लोहाची गोळी घेणाऱ्या १४ रुग्णांची सरासरी टीएसएच पातळी १२ आठवड्यांत १.६ वरून ५.४ वर गेली. २००० मधील अभ्यासात कॅल्शियम सोबत घेतल्याने पाचांतील एका रुग्णाचे टीएसएच मर्यादेबाहेर गेले. अशा वेळी डॉक्टर थायरॉक्सिनची मात्रा वाढवतात आणि पुढे पूरक बंद झाले की तीच मात्रा जास्त होते. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन याहून फसवे आहे. त्याची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते, तर केसांच्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन असते. ते थायरॉइडला इजा करत नाही, पण अनेक प्रयोगशाळांतील तपासणीच्या रसायनात ढवळाढवळ करते. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-४ जास्त दिसते. निरोगी व्यक्तीच्या अहवालात ग्रेव्हज विकार असल्याचा भास होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, अशी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची शिफारस आहे. मात्रा मोठी असल्यास अधिक दिवस लागू शकतात, म्हणून रक्त देताना प्रयोगशाळेलाही तशी कल्पना द्यावी.

गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत या सर्व सूचनांना विशेष महत्त्व येते. सरकारी कार्यक्रमात त्यांना लोह-फॉलिक आम्ल आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्या थांबवायच्या नसतात. याच काळात थायरॉक्सिनची गरजही वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांसोबत घ्यायचे नसते. त्यामुळे सकाळी उठल्यावर थायरॉक्सिन आणि उरलेल्या गोळ्या दिवसभरात कोणत्या जेवणानंतर, याचे वेळापत्रक पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून लिहून घ्यावे आणि टीएसएचची तपासणी ठरलेल्या अंतराने करून घ्यावी.