व्ह्यू-मास्टर पर्सनल स्टिरिओ कॅमेरा

व्ह्यू-मास्टर पर्सनल स्टिरिओ कॅमेरा हा 35 मिलिमीटर फिल्मवर त्रिमितीय छायाचित्रे टिपणारा, दोन भिंगांचा अमेरिकी कॅमेरा आहे. सॉयर्स या पोर्टलंड (ऑरेगन) येथील कंपनीने तो 1952 मध्ये बाजारात आणला. याच कंपनीचा व्ह्यू-मास्टर हा चित्रदर्शक 1939 पासून प्रचलित होता. त्यात गोल चकती घालून खटका दाबला की एकामागून एक सात दृश्ये दिसत. भारतात त्याची निर्मिती मुंबईच्या पटेल इंडिया या कंपनीने परवान्याखाली केली, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुलांना हे खेळणे परिचित होते. मात्र त्या चकत्यांवर कंपनीने निवडलेलीच दृश्ये असत. स्वतःच्या घरातील माणसे चकतीत पाहण्याची सोय या कॅमेऱ्याने करून दिली.

रचना व कार्य

कॅमेऱ्याची दोन भिंगे माणसाच्या दोन डोळ्यांइतक्याच अंतरावर बसविलेली असतात. एकाच वेळी टिपलेली दोन चित्रे किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली असल्याने, प्रत्येक डोळ्याने आपापले चित्र पाहिल्यावर मेंदूला खोलीचा बोध होतो. चित्रे अगदी लहान असल्यामुळे ती फिल्मच्या निम्म्याच रुंदीत मावतात. फिल्म एका दिशेने संपली की एक कळ फिरवावी लागते. त्यासरशी भिंगे वरखाली सरकतात आणि फिल्म उलट दिशेने चालू लागून तिचा उरलेला अर्धा भाग वापरला जातो. 36 चित्रांच्या साध्या रिळातून अशा रीतीने 69 जोड्या मिळतात. फिल्म परतताना आपोआप डबीत गुंडाळली जात असल्याने ती वेगळी गुंडाळण्याचे काम उरत नाही. ही युक्ती या कॅमेऱ्याची सर्वांत चतुर बाजू म्हणावी लागेल. भिंगांचे केंद्रीकरण कायमचे ठरलेले असते. शटरचा कमाल वेग सेकंदाचा 1/100 आहे.

चकती तयार करणे

धुतलेल्या फिल्ममधून चित्रांच्या जोड्या खास कर्तन यंत्राने कापून कोऱ्या चकतीच्या खाचांत सरकवाव्या लागत. डाव्या-उजव्या चित्रांची अदलाबदल झाल्यास जवळचे दूर व दूरचे जवळ भासते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ पारदर्शिकाच चकतीत बसत असल्याने प्रत चकतीगणिक एकच असे. ती हरवली वा तिचे रंग उडाले, तर ते दृश्य कायमचे जाई.

या कॅमेऱ्याचे उत्पादन 1950 च्या दशकातच थांबले. युरोपसाठी जर्मनीत बनविलेल्या पुढच्या कॅमेऱ्यात फिल्म तिरकी चालत असल्याने ती एकदाच सरकवावी लागे. 35 मिलिमीटरची फिल्म अद्याप मिळत असल्यामुळे सुस्थितीतील जुने कॅमेरे आजही वापरता येतात, परंतु चकतीसाठी स्लाइड फिल्मच लागते आणि ती धुणाऱ्या प्रयोगशाळा आता विरळा आहेत.