नगरच्या किल्ल्यातली पत्रे आणि तिसरा वाचक

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी तिथे १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच बराकीत मौलाना आझादांनी लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’कडे मात्र मराठी वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्यास उद्देशून लिहिलेली ही पत्रे. चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, १९४३ मध्ये दूर कलकत्त्यात झालेला पत्नीचा मृत्यू, असे सारे त्यांत आहे. पण किल्ल्यातली ही पत्रे टपालात पडलीच नाहीत. आरंभी पत्रव्यवहाराची मुभाच नव्हती. पुढे मिळाली ती घरच्यांपुरती आणि सेन्सॉरच्या डोळ्यांखालून. आझाद लिहीत राहिले, कागद जवळ साठवत राहिले, आणि १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, या दोघांत तिसरा वाचक नको असेल तर पत्र न पाठवणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे होता.

ते कैदी होते, त्यांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. पण तुरुंगाबाहेरच्यांसाठीही कायदा फारसा निराळा नव्हता. १८९८च्या टपाल कायद्यातील कलम ५३ नुसार टपाल कर्मचाऱ्याने कर्तव्याविरुद्ध लखोटा फोडला तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होई. कलम २६ नुसार सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी सरकारला तोच लखोटा अडवता येई. कृती एकच. फरक आदेशाच्या कागदाचा. तारांसाठी १८८५च्या कायद्यात अशीच सोय होती आणि स्वतंत्र भारताने हे दोन्ही कायदे तसेच पुढे चालवले.

संगणक आला तेव्हा हीच रचना त्याला लागू झाली. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ला ‘हॅकिंग’ असे नावच होते. गंमत अशी की त्याची व्याख्या माहिती नष्ट करणे, बदलणे, तिचे मूल्य घटवणे याभोवती फिरत होती. दुसऱ्याचे नुसते चोरून वाचणे तीत नीटसे बसत नव्हते. २००८ची दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, तेव्हा अप्रामाणिक हेतूने केलेला अनधिकृत प्रवेशही गुन्हा ठरला, आणि हॅकिंग हा शब्द कलमातून गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, वा दोन्ही. याच कायद्याचे कलम ६९ वाचावे. सरकारी आदेश असताना सांकेतिक मजकूर उलगडून देण्यास जो नकार देईल त्याला सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कुलूप फोडणाऱ्यापेक्षा किल्ली न देणारा मोठा अपराधी! शिवाय जुन्या कायद्यांतली आणीबाणीची वा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअटही येथे गळाली आहे.

न्यायालयाने लगाम घातला नाही असे नाही. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोनवरील संभाषण चोरून ऐकण्यास मर्यादा घातल्या: आदेश गृहसचिवाचा, मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर पुनर्विलोकन समिती. ती समिती सचिवांचीच. एका सचिवाचा आदेश इतर सचिवांनी तपासायचा. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि याविरुद्ध जाणारे १९५४ व १९६२चे निर्णय त्या अंशापुरते रद्द ठरवले. ही फार मोठी गोष्ट होय. परंतु सरकारी आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, असा नियम त्यातून आपोआप निघाला नाही.

किल्ल्याच्या काळातला तो टपाल कायदा जून २०२४ मध्ये संपला. त्याच्या जागी आलेल्या २०२३च्या कायद्यात पत्र अडवण्याचा सरकारी अधिकार कलम ९ मध्ये कायम आहे. कर्मचाऱ्याने परक्याचा लखोटा फोडला तर शिक्षा सांगणारे जुने कलम ५३ मात्र त्यात उरलेले नाही.